खालच्या मजल्यावरची खिडकी

पणजीत चर्चमागच्या गल्लीत
एव्हारिस्तोच्या कचेरीत पंखा फिरतो
आणि टेबलावर दोन नद्या पडून आहेत,
गुळगुळीत कागदाच्या.

ऱ्हाईन घ्या, तो म्हणतो, किल्ले बघाल.
पण ऑगस्टात कधीकधी पाणी उतरतं,
बोट अडते, मग पुढे बसने नेतात.
बसने जायचं तर मी म्हापशाला जाईन.

मग डॅन्यूब. आठ दिवस, चार देश, जेवण धरून.
"मासे?" कुमुदिनी विचारते.
"गोड्या पाण्यातले," तो खजील होऊन सांगतो,
जणू चूक त्याचीच.

एकतीस वर्षं मी फेरीबोट चालवली.
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
स्कूटर, पोदेराची सायकल, एकदा एक नवरी
वहाणा हातात घेऊन, एकटीच.
मांडवी मला फक्त आडवी ठाऊक,
टाका घालावा तशी, या काठातून त्या काठात.
उभी कधी पाहिलीच नाही.

"तिथे भरती किती वाजता?"
एव्हारिस्तो हसला. भरती नसते, पात्रांव,
समुद्र लांब. पाणी एकाच दिशेला जातं,
रात्रंदिवस.

हे काही मला पटेना.
आमची नदी दिवसातून दोनदा मागे वळते,
घरी काही विसरल्यासारखी,
मानशीच्या दारापर्यंत खारं घेऊन येते.
परत न येणाऱ्या पाण्यावर
झोप कशी लागावी माणसाला?

कुमुदिनीला बाल्कनी हवी, साडी वाळत घालायला.
चालत नाही म्हणे. वर लाखभर जास्त.
तळमजल्यावर एक खोली उरलीय,
खिडकी पाण्याला टेकलेली, उघडत नाही.
"बदकांचे पाय दिसतात. कोणी घेत नाही."

मी जन्मभर वर, चाकामागे, काचेत.
पाणी म्हणजे खाली कुठेतरी
गाळ, ओहोटी, खनिजाच्या बार्जेस,
चुकवायची गोष्ट.
त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून कधी बसलो नाही.

तीच द्या, म्हटलं.
आणि बुडापेस्टहून वर, पासाऊकडे. उलट नको.
का, ते मलाही नीट सांगता आलं नाही.
"चवथीच्या आधी परत," कुमुदिनीने बजावलं
आणि पर्समधून चेकबुक काढलं.

संध्याकाळी चोडणच्या धक्क्याला
नव्या पोराने बोट जरा जोरातच आपटली.
मी जे पुटपुटलो ते तिने ऐकलं.
"तिथल्या कप्तानाला," ती म्हणाली,
"असलं काही बोलू नका हं."