उतराई

आमच्या नावाडसिद्धाला पूल चालत नाही.
पूल होऊन एकोणीस वर्षं झाली.
उसाच्या ट्रॉल्या त्यावरून जातात, वऱ्हाडं जातात,
माझा टेम्पो दिवसाला दोनदा जातो मिरजेला.
देव मात्र माघातल्या नवमीला
पाण्यावरूनच निघणार, पलीकडच्या बहिणीकडं, डोहाईकडं,
एका रात्रीच्या मुक्कामाला,
आणि नेणार भोयाच्याच हातानं.

लाकडी नाव महापुरात गेली.
साखळी तेवढी सापडली, बाभळीत, माणसाच्या उंचीवर.
तेव्हापासून मगदूमांच्या गुऱ्हाळावरची काहील येते
चुलवाणावरून उतरवून, एका दिवसाच्या बोलीवर.
कितीही घासा, काठाला गूळ राहतोच.
देवाबरोबर मुंगळेही कृष्णा ओलांडतात.

तीन दिवस आधी जाळी पाण्याबाहेर.
बायका अंगणात पसरून तुटलेले डोळे सांधतात,
शिशाच्या गोळ्यांना हळद लावतात.
आमच्या घरात आता एकच जाळं,
तेही चिलापीच्या मापाचं.
मरळ म्हणताना वडिलांचे दोन्ही हात फाकायचे.
मला तळहात पुरतो.

मधल्या डोहावर काठी रोवून थांबायचं
आणि विचारायचं, "देवाची उतराई?"
मग इराप्पा गुरव कनवटीची गाठ सोडतो,
ढब्बू पैसा काढतो. पिढ्यान् पिढ्या तोच एक,
छाप कधीच झिजून गेलेला.
तो रात्रभर आमच्या तांदळाच्या डब्यात झोपतो.
दुसऱ्या दिवशी देव परत आणताना
त्याच डोहावर मी तो परत द्यायचा.
वर्षातून एक रात्र देव आमचं देणं लागत नाही.

यंदा काहील गरकन फिरली.
गोल भांडं ते, त्याला ना नाळ ना वरवंडी.
त्याचा हात पुढं, माझा हात पुढं,
आणि मधून पैसा गेला.
आवाजसुद्धा झाला नाही.

काठावरची हलगी थांबली.
मी उडी टाकली.

वरचं हातभर पाणी कोमट, मळीच्या वासाचं.
त्याखाली गार, जुनं.
"बुडताना डोळे मिटायचे न्हाईत," वडील म्हणायचे,
"नदीला तोंड दाखवावं लागतं."
उघडे ठेवले. काय दिसणार?
हातानं चाचपलं: गाळ, शिंपला, बाटलीचं बूच,
कुणाच्यातरी गणपतीचा एक कान.
छाती फुटायला आली तेव्हा
जे हाती होतं त्यावर मूठ आवळली.

वर आलो. दोन्ही काठ उभे होते.
"गावला?" इराप्पानं विचारलं.
तोंडातलं पाणी थुंकलो.
"गावला."
हलगी पुन्हा सुरू झाली.

त्या रात्री डबा उघडून बायको नुसती बघत राहिली.
तांदळात खळगा केला होता मी, रुपयाएवढा.
तिनं विचारलं नाही. झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी, डोहावर, काठी रोवून
मिटलेली मूठ इराप्पाच्या तळव्यावर ठेवली
आणि उघडली.
त्याला कळलंच असणार. सत्तरीचा गुरव,
वजन ओळखणारा.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं.
बोटं हळूहळू मिटली,
हात कनवटीला गेला.

यंदा त्यानं गाठ दोनदा मारली.