अवधाण

सोहार बंदराकडून तो लंगडत आला,
इद्रिस परकार, मूळ दाभोळचा.
बार्जच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडताना
एक शिंप बुटाच्या वरून घोट्यात गेलेली.
चार दिवस हळद भरली, सुपरवायझरला कळू दिलं नाही.

डॉक्टर कोट्टयमचे. आणखी कुठे दुखतं, विचारलं.
तो माझ्याकडे बघून म्हणाला,
"जांघेत अवधाण आलाय, बाय."

अकरा वर्षांत हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.
डॉक्टरांना सांगितलं, गाठ सुजलीय.
तेवढंच खरं, पण तेवढंच नाही.

पू काचेवर पसरला, रंग दिला, धुतला, पुन्हा दिला.
भिंगाखाली जांभळे घोस,
वैशाखातली करवंदं पायाखाली यावीत तसे.
अर्धा क्षण तोंडाला पाणी सुटलं.

दुपारच्या बांगेनंतर लॅब रिकामी.
मी त्या गाठीचाच विचार करत बसले.
एरवी घेवड्याच्या दाण्याएवढी, आत ही गर्दी.
मज्जेत जन्मलेल्या बी पेशी,
प्रत्येकीच्या अंगावर एकाच आकाराची खाच,
नशिबाने पडलेली, कशासाठी ते तिला ठाऊक नाही.
बहुतेकींना कुणी हाक मारत नाही.
रक्तातून गाठीत, गाठीतून रक्तात हिंडतात
आणि विझतात.

एकीच्या खाचेत मात्र
घोट्याकडून वाहत आलेला जंतूचा तुकडा बसला.
घट्ट नाही, खुळखुळत.
तिने तो गिळला, फोडला,
त्यातला कण दारात धरून उभी राहिली
दुसऱ्या जातीची पेशी येऊन तपासेपर्यंत.
इथेही एकटीच्या शब्दावर काही हलत नाही.
ती आली. हो म्हणाली.

मग दोनाच्या चार, चाराच्या आठ,
आणि नक्कल करताना चुकत जायचं, चुकतच जायचं.
मला शुद्धलेखनाला छडी बसायची.
इथे चूक हाच अभ्यास:
जिची चूक तुकड्याला जास्त घट्ट धरते ती राहते,
बाकीच्या जागीच मरतात,
आणि कुणीतरी त्यांना खाऊन जागा झाडून ठेवतं.
बाहेर कळतो तो फक्त ठणका.

अवधाण ते हेच असावं,
अंगाचं सगळं लक्ष एका जागी येऊन सुजणं.
अवधान, अवधाण. एका अक्षराचा फरक.
कुणाची चूक कुणी टिकवली कोण जाणे.

राहिलेल्यांतल्या काही फुगतात आणि बेचक्या पाडू लागतात,
गलोलीच्या लाकडासारख्या, सेकंदाला हजारो.
दोन टोकांनी जंतू धरायचा,
दांडा मोकळा ठेवायचा, खाणाऱ्या पेशीला पकडायला.
हा जंतू लबाड. तो बेचकी दांड्याकडूनच धरतो, उलटी.
म्हणून याच्याबद्दल मी कुणाला शब्द देत नाही.

गोळ्यांनी सहा दिवसांत जखम सुकली.
आतला अभ्यास अजून चालूच असणार.
पट्टी काढायला आला तेव्हा म्हणाला, "बसला अवधाण."
त्याचा करार संपलेला. मस्कतहून विमान, तीस किलो सामान,
त्यात मिक्सरचं एक भांडं, घरचं फुटलेलं म्हणून.

त्याला सांगितलं नाही की जंतू बहुधा त्याच्याच कातडीवरचा,
दाभोळहून त्याच्याबरोबर आलेला,
शिंपेने फक्त दार उघडलं.
आणि त्याची ओळख धरून काही पेशी आता
मज्जेत जाऊन बसतील, वर्षानुवर्षं,
थोड्या थोड्या बेचक्या पाडत.
हाडीमासी खिळणं म्हणतात, ते अक्षरशः.
वजनकाट्यावर ते येत नाही.

रजिस्टरात शेरा इंग्रजीत लिहिला.
मग बाजूला, पेन्सिलीने, तो शब्द.
शेवटी ण काढायचा की न,
पेन्सिल तिथे थांबली.