निथळू दे

कुपवाडच्या आमच्या शेडमधून
नटबोल्ट चांदीचे होऊन निघतात, काही सोन्याचे.
सोनं म्हणजे क्रोमेटच्या टाकीतली शेवटची बुडी.
तिथून रॅक वर आला की बजरंग ऐवळे
एका झोक्यात तो धुण्याच्या पाण्यात घालायचा,
आणि मधल्या फरशीवर पिवळे ठिपके पडत जायचे.
अण्णा त्याला रांगोळी म्हणायचे.
रांगोळी दिसली म्हणजे काम चाललंय.

धुण्याचं पाणी नाल्यात.
नाला पुढं कुठं जातो
हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या घरात, म्हणजे जिथं
न गाळलेलं पाणी कुणी ओठाला लावत नाही.
समडोळीच्या विहिरीवर आई
दुहेरी फडक्यातून घागर भरायची,
मग फडकं उलटं धरून
गाळलेल्याच पाण्याची धार त्यावर सोडायची,
हलकेच, परत विहिरीत.
डोळ्यांना न दिसणारे जीव
ज्याच्या त्याच्या ठिकाणी जावेत म्हणून.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
तेव्हा चार महिने शेड माझ्याकडे आली.
मला केमिकलमधलं काही कळत नाही, वही कळते.
वहीत दिसलं:
एवढं विकत आणतो, मालावर चढतं त्याच्या निम्मंही नाही.
मग बाकीचं?
बजरंगनं हनुवटीनं फरशी दाखवली.
थंडीत त्याच्या नाकातून रक्त येतं
हे तो बोलला नाही.
दोरीवर वाळणारा रुमाल बोलला.

त्याला मास्क आणून दिला.
पंख्याच्या माणसाला फोन केला, तो अजून यायचाय.
आणि म्हटलं, उद्यापासून रॅक टाकीवरच धर.
दहा मोज. मग पुढं ने.
"हात भरून येतात, ताई."
खरंच होतं. मी धरून बघितला, सहाला सोडला.
मग भंगारातल्या खाटेचा अँगल टाकीवर वेल्ड करून घेतला,
साडेतीनशे रुपये, चहा धरून.
आता रॅक तिथं लटकतो
आणि सोनं थेंबाथेंबानं आपल्याच टाकीत उतरतं.

अण्णांनी पलंगावरूनच गुणाकार केला.
चारशे रॅक, चार हजार सेकंद,
एक तास आणि वर सात मिनिटं.
"तासाचं राहू दे," म्हणाले,
"त्या सात मिनिटांचा पगार कोण देणार?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ते तिसऱ्या आठवड्यात बजरंगनं शोधलं:
एक निथळतोय तोवर दुसरा भरायचा.

मध्येच पुण्याच्या कंपनीचा फॉर्म आला, अकरा पानी.
"आपले शाश्वतता धोरण थोडक्यात लिहा."
खाली दोन ओळींची चौकट.
मी पेन धरून बसले होते.
पलीकडून आवाज येत होता, सात, आठ, नऊ,
जेवणाची वेळ झाली की बजरंगचा दहा नवालाच येतो.
चौकटीत मी लिहिलं, "दहापर्यंत मोजतो."
मग खोडलं,
कारण ते रोज खरं नसतं.
"मोजायला शिकतोय," लिहिलं.
फॉर्मचं उत्तर अजून आलेलं नाही.

परवा अण्णा काठी टेकत शेडमध्ये आले.
आधी फरशी बघितली.
रांगोळी नव्हती. चेहरा थोडा पडला त्यांचा,
दिवाळीत दार मोकळं दिसावं तसा.
मग टाकीजवळ उभे राहिले, चष्मा वर करून.
"नऊ," बजरंग म्हणाला आणि हात घातला.
अण्णांनी काठी आडवी धरली.
शेवटच्या बोल्टच्या टोकाला एक थेंब
फुगत होता, पडत नव्हता.
"थांब रे," ते म्हणाले,
"त्याला त्याच्या घरी जाऊ दे."

आई जाऊन नऊ वर्षं झाली.

नाला अजून पिवळाच आहे.
फिका, पण पिवळा.
सोमवारी मी त्याच्या कडेनं चालत निघणार आहे,
तो कुठं जातो ते बघायला.