शेवटचं ओझं

पदक पिठाच्या डब्यामागे असतं,
आईच्या जुन्या चिटेंजेच्या चिंधीत गुंडाळलेलं.
लुफेयोमामा ते लग्नात काढतो, मयतीला काढतो,
एकदा निवडणुकीतही काढलं होतं.
"चिसुसे. तुझ्या आईचा आजा. राजाचा शिपाई.
जर्मनांच्या मागे रोवुमा ओलांडली त्यानं,
बंदूक डोक्यावर, पाणी छातीला..."
इथे मामा दरवेळी थांबतो
आणि बियर मागतो.
पुढचं आम्ही कधी ऐकलेलं नाही.

मी झोंबाच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतो.
यंदा मामाच्या नातवाला शाळेत लिहून न्यायचं होतं,
आमच्या घरातला सैनिक, एक पान.
म्हणून दुकान बंद ठेवून दफ्तरखान्यात गेलो.

तिथल्या न्कोमाबाईंनी हात धुवायला लावले.
मग वही आणली, वाळवीनं कडा कुरतडलेली.
शिपायांची नावं. नंबर, गाव, बापाचं नाव,
कुणाच्या कपाळावरचा व्रणही लिहिलेला.
सकाळ गेली. चिसुसे नाही.
"ही पण बघा," बाई म्हणाल्या,
आणि दुसरी वही ठेवली, जरा हळू.

टेंगा-टेंगा.
टेंगा म्हणजे घे, उचल.
दोनदा म्हटलं की माणूस होतो.
त्या वहीत नावं नव्हती.
मक्याचं पीठ, इतकी पोती.
काडतुसं, इतक्या पेट्या.
माणसं गेली चारशे बारा.
माणसं आली दोनशे सत्तर.
खाली कारकुनाची सही, फार सुंदर वळणाची.

फक्त शेवटी, लढाई संपल्यावरच्या पानावर,
घोंगड्यांच्या हिशेबात एक ओळ:
चिसुसे, हमाल, घोंगडी एक.
आता बोमाच्या टपालाकडे.

घोंगडी एक.
मी ती ओळ बोटानं झाकली,
पुन्हा उघडली.
मग हे पदक कसलं?

रात्री चिंधी सोडली.
राजाचा चेहरा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला,
घोडाही.
कड कुणी पाहिली नव्हती.
भिंग डोळ्याला लावलं,
बायकांच्या घड्याळांतले केसाएवढे स्क्रू बघतो तेच,
आणि पदक चाकासारखं फिरवत गेलो.
काळ्या मळाखालून एकेक अक्षर वर आलं:
आसुमानी चिवाया, शिपाई.
शेवटी आमचंच नाव निघेल म्हणून
आणखी एक फेरा फिरवलं.
पुन्हा आसुमानी.

म्हणजे हे टपाल होतं.
मेलेल्या माणसाच्या घरी द्यायचं,
सरोवराकाठच्या कुठल्या गावी,
आणि माझ्या पणजोबानं ते दिलं नाही.
का, ते मला माहीत नाही.
घर सापडलं नसेल.
घरात साथीनं कुणी उरलं नसेल.
किंवा वाटेत एका झाडाखाली बसून
त्यानं ते स्वतःच्या छातीला लावून पाहिलं असेल,
क्षणभरच,
आणि चार वर्षं मानेवर वाहिलेलं सगळं
त्याला एकदम आठवलं असेल.
मी त्याला चोर म्हणणार नाही.
पण ओझं पोचलं नाही, हेही खरं.

मामाला सांगितलं.
तो बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिला.
"बंदूक नव्हती?"
"नव्हती."
"मग डोक्यावर काय होतं?"
"पीठ असेल. पेटी असेल."
"आणि पाणी?"
"पाणी छातीलाच असणार, मामा."
त्यानं मान हलवली. बियर मागितली नाही.

नातवाच्या पानावर मी लिहून दिलं:
आमच्या घरात सैनिक नव्हता.
सैनिकांचं जेवण आमच्या घरातून गेलं.
मास्तरीणबाईंनी दहापैकी सहा दिले.

शुक्रवारी पहाटेची मिनीबस आहे, मंगोचीची.
न्कोमाबाईंनी गावाचं नाव कागदावर लिहून दिलंय,
चिवाया तिथं अजून असतील असं काही नाही.
पदक वरच्या खिशात ठेवलंय.
जड नाही.
मामा म्हणतो, मी पण येतो,
आणि कधी नव्हे ते
पिशवी स्वतः उचलतो.