चौथा पिंजरा

कुंभारगावच्या फुगवट्यावर
निळ्या ड्रमांवर तरंगणारे चार पिंजरे,
आणि त्यांच्यावर मी, सिंधू पतुले,
रोज साडेतीनशे, जेवण आपलं आपण.

पुण्याहून आलेल्या बोधे मॅडमनी
चंदेरी पिशवी उघडून दाखवली,
"हे सी जीवनसत्त्व. उन्हात ठेवू नका, मरतं."
मी बोटाला लावून चाटलं.
कैरीच्या फोडीसारखं दातांना झोंबलं.
"माशाला हे अंगात बनवता येत नाही," त्या म्हणाल्या,
"आपल्यालाही नाही."

पहिल्याला थोडं, दुसऱ्याला दुप्पट,
तिसऱ्याला त्याहून जास्त.
तेलाचा हात लावून दाणा चोळायचा,
सावलीत वाळवायचा.
आणि चौथ्याला?
"चौथ्याला नुसता दाणा. तुलनेसाठी."

तुलनेसाठी.
आमच्या घरी अंडं विलासला मिळायचं,
मला आणि मंजुळाला रश्श्यात बुडवलेली भाकरी.
कुणी वहीत लिहून ठेवलं नाही,
म्हणून मंजुळा सातव्या वर्षी कशानं गेली
ते अजून "तापानं" एवढंच आहे.

पौषात पाणी गारठलं.
चौथ्यातल्या चिलापी वर येऊन तोंड उघडू लागल्या,
कल्ल्याखाली लाल चट्टे, शेपट्या कुरतडल्यागत.
बाकी तिन्हींत दाणा पडला की पाणी उकळायचं,
चौथ्यात तो फुगून तसाच तरंगायचा.
फ्लेमिंगो बघणाऱ्यांच्या होड्या शेजारून गेल्या,
कॅमेरे सगळे वर.

एका संध्याकाळी तिसऱ्याचा दाणा चोळून
मी हात धुतला नाही.
विसरले म्हणा.
तोच हात चौथ्याच्या बादलीत घातला,
कोपरापर्यंत,
आणि ढवळत राहिले जरा जास्तच.

मॅडमचा आलेख छान आला.
तीन रेघा वर, एक खाली.
पेढे दिले त्यांनी. "सिंधूताई, तुमच्यामुळं."
वहीत माझ्याच अक्षरात आहे:
चौथा पिंजरा, मेलेले एकेचाळीस.
आकडा खरा. मीच जाळीनं काढले, मीच मोजले.

बेचाळिसावा कुणी असलाच
तर तो कुठला, मला ओळखता आलं नाही.
माल काढला त्या दिवशी
चारी पिंजरे एकाच टेम्पोत, एकाच बर्फात.
भिगवणच्या बाजारात
सगळ्यांना एकच भाव लागला.