पायरी

प्लॅटिनमची तार ज्योतीत धरली
की टोकाशी एक थेंब जमतो,
गुंजेएवढाही नाही.
हुपरीत आबा चांदीच्या अशा थेंबाला रवा म्हणतात.
पैंजणावर तो बसला की
डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतात.
कुठं अडलं, तर परत घासायला.

इथं सागरमाळावर, दुसऱ्या मजल्यावर,
ज्योत हलते म्हणून पंखा बंद करून
मी तो थेंब कापते, हिऱ्याच्या पुडीनं उजळते,
पुन्हा तापवते, हायड्रोजनात निववते
आणि पाण्याच्या एका थेंबाखाली झाकून
सेलपर्यंत नेते,
हवासुद्धा लागू न देता.

एक-एक-एक, हे त्या सपाटीचं नाव.
मार्केट यार्डात गुळाचे रवे लावावेत
तसे अणू खेटून,
प्रत्येकाला सहा शेजारी.
त्यावर अल्कोहोल सोडलं,
उसाच्या मळीतून आलेलं,
दोन कार्बन, हातात हात.
ते आले, टेकले, आंबट झाले,
निघून गेले.
हात सुटला नाही.
पडद्यावर आलेख चढला, उतरला,
घाईतल्या पाहुण्यासारखा, चहा अर्धा टाकून.

गुरुवारी कापताना माझा हात चुकला.
तीन अंश.
मुजावर मॅडम म्हणाल्या, टाकू नकोस, मोज.

तीन अंशांत
अणूंच्या अठरा-एक ओळींमागं एक पायरी पडते,
एका अणूच्या उंचीची.
त्या कडेला दोन कार्बन अडखळले
आणि सुटला हात.
मी खुर्चीतून उठले.
तेवढ्यात आलेख बसला.
मोडलेला तुकडा, कार्बन आणि त्याचा एकुलता ऑक्सिजन,
त्याच कडेला ठाण मांडून होता.
पायरी मोडते,
आणि मोडलेलं सोडत नाही.
मग व्होल्टेज वाढवत न्यायचं,
अर्धा, अर्ध्याच्या थोडं पुढं,
पाणी आपल्यातला ऑक्सिजन द्यायला राजी होईपर्यंत.

रात्री आबांना फोनवर सांगितलं.
"म्हंजे खोट हुती म्हणून चाललं?"
चाललं. आणि त्याच जागी अडलंही.
ते गप्प. मागं पॉलिशची मोटर.

मी सांगत राहिले, की आलेखावरून
पृष्ठभाग ओळखता येतो,
कुठं सपाट, कुठं पायरी,
माणसाच्या अंगठ्यासारखं.

आबांच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत.
चाळीस वर्षं चांदीनं त्यांनाही उजळलंय.
रेशनच्या दुकानात तीनदा टेकवतात,
मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.

"तुमचं मशीन," त्यांनी विचारलं,
"गुळगुळीत असलेलं बी वळखतंय?"

हो म्हणाले.
"बरं हाय," म्हणाले,
आणि मोटर बंद केल्याचा आवाज आला.