पाण्याचा अंदाज

सकाळी सव्वासहाला हल शहरातल्या या शाळेत
आम्ही दोघंच: केअरटेकर आणि मी.
तो दारं उघडतो, मी गॅस.
हंबर नदीवरून आलेलं धुकं
खिडकीला नाक लावून बघतं
आज काय शिजणार ते.

आठला माझी माणसं येतात.
'घैसास' त्यांच्या तोंडात मावत नाही,
म्हणून मी मिसेस जी.
दोनशे ऐंशी ताटं, तीन माणसं
आणि आडनावातलं उरलेलं एक अक्षर.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांशी सारखंच वागले.
त्याला न्याय म्हणत होते.
दारिउशला सांगितलं तसंच मॉरीनलाही सांगितलं
गाजरं किती जाड चिरायची ते.
ती इथे एकतीस वर्षं गाजरं चिरत होती.
तिनं सुरी पुसली, खाली ठेवली,
आणि दोन दिवस माझ्याशी फक्त हवामान बोलली.

मला तरी हे कळायला हवं होतं.
कणीक भिजवून झाकून ठेवावी लागते,
ज्वारीला ताटकळत ठेवून चालत नाही,
आणि विरी गेलेल्या पिठाला आधणच हवं.
आईनं मापाचं भांडं कधी हातात धरलं नाही.
'पिठाला विचार,' म्हणायची.

मग विचारत गेले.
मॉरीनला सांगणं सोडलं, तिचा सल्ला घेऊ लागले.
दारिउशसाठी एकेक पायरी लिहून फ्रीजवर चिकटवली.
टेगन एकोणीसची, आवाज वाढला की खांदे आक्रसणारी;
तिला हळूच, रोज: 'तुला काय वाटतं?'
प्रत्येकाचं पाणी मला कळलं
असं समजून वर्षभर खूश होते.

मग नवा ओव्हन आला, काचेच्या पडद्याचा.
मॉरीन म्हणाली, जुना बरा होता.
मी मानानं बाजूला राहिले. तीन आठवडे.
एका बुधवारी वास आला म्हणून वळले,
तर ती पडद्यासमोर, चष्मा कपाळावर,
बोट हवेत थबकलेलं,
थंड पाण्यात उतरू की नको अशा पायासारखं.
शेजारी उभी राहिले,
दारिउशला सांगते तसंच सांगितलं:
आधी हे दाबायचं. आता हे.
तिनं मान हलवली.
हवामानाचा विषय निघाला नाही.

आणि टेगन.
मार्चमधला गुरुवार, लाल पट्टीचं ताट,
ज्या पोराला तीळ चालत नाहीत त्याचं.
तिच्या हातात तीळ लावलेला पाव.
'तुला काय वाटतं' म्हणायला
माझ्याकडे अर्धा सेकंद नव्हता.
ओरडले, तेही मराठीत:
'ठेव खाली!'
सगळं स्वयंपाकघर थांबलं.
पावही.

दुपारी कचऱ्याच्या डब्यांपाशी ती सिगारेट ओढत होती.
माफी मागायला शब्द जुळवत गेले.
'नाही, बरं वाटलं,' ती म्हणाली.
'तुम्ही रोज विचारता मला काय वाटतं.
कधीकधी मला काहीच वाटत नसतं, मिसेस जी.
तेव्हा नुसतं सांगत जा.'

संध्याकाळी घरी परात घेतली.
इतक्या वर्षांच्या हातानं पाणी ओतलं,
आणि जास्त झालं.
डबा उघडला. आणखी मूठभर पीठ.